पदराचे, चपलांचे, सापाचे

१० जुलै २०२४, बुधवार. वसमत

सकाळी सव्वासातला जमीन हलली. चहाचं आधण ठेवलं होतं. आधी पातेल्यातलं पाणी थरथरलं, मग मांडणीवरची ताटं वाजली. आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, धरून अंगणात आणलं. आमच्या तालुक्याला जमिनीतून येणारे आवाज नवे नाहीत, पांगरा शिंद्याकडची माणसं तर वर्षानुवर्षं ते ऐकत आली आहेत. पण आजचा धक्का मोठा होता. दुपारी कळलं, ४.५ रिश्टरचा. केंद्र कळमनुरी तालुक्यात, रामेश्वर तांड्याकडे. शाळेतली लेकरं दिवसभर बाकांचे पाय धरून बसली होती.

संध्याकाळी ह्यांनी माळ्यावरचं सगळं जड सामान खाली घेतलं. त्यात आत्याबाईंची पत्र्याची पेटीही आली. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून ती तिथंच होती आणि तिला कुलूप होतं. पेटी ओसरीत टेकली तसा आतून आवाज आला, "मह्या पेटीला हात कोण लावलं?"

१४ जुलै, रविवार

आज त्यांनी स्वतःच किल्ली काढून दिली. वर एक विरलेलं इरकल, त्याखाली वेखंडाचे तुकडे आणि कडुनिंबाचा वाळका पाला. त्याखाली सिनेमाची गाण्यांची पुस्तकं. मोजली, एकशे बासष्ट भरली.

एक हातात घेतलं. तळहाताहून थोडं मोठं, पातळ गुलाबी कागद. टाचणी गंजून गेलेली, तिच्या जागी दोन तपकिरी ठिपके उरलेले. पहिल्या पानावर नटनट्यांची नावं, मग 'कथासार', मग गाणी. कथासार ऐन पेचात आणून सोडायचं आणि खाली छापायचं की पुढील कथा रुपेरी पडद्यावर पहा. थिएटरच्या दाराशी, जत्रेतल्या तंबूबाहेर ही पुस्तकं आण्या-दोन आण्याला मिळायची. आत्याबाई रझाकाराच्या वेळी चार-पाच वर्षांच्या होत्या. शाळा चौथीपर्यंत. वाचायची गोडी लागली ती या पुस्तकांवर, असं त्या म्हणतात. पहिली काही पुस्तकं त्यांच्या भावानं हाली पैशात घेतलेली आहेत.

मी शिक्षकी सवयीनं वर्षांप्रमाणे चवडी लावायला बसले. त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि सगळ्या चवडी मोडल्या. "असं नसतंय ते. सर, मी लावती."

त्यांनी लावलेल्या चवडी मी इथं उतरवून ठेवते, कारण अशी विभागणी मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही. पहिली चवड 'पदराचे', म्हणजे बघताना पदर ओला होतो ते. दुसरी 'चपला काढून बघायचे'. तिसरी 'सापाचे'. चौथी 'बाप्यांचे'. पाचव्या चवडीत एकच पुस्तक, १९८५च्या 'तेरी मेहरबानियां'चं, ज्यात मालकाच्या खुनाचा सूड त्याचा कुत्रा घेतो. ते कुठं ठेवायचं, या विचारात त्या बराच वेळ होत्या. शेवटी वेगळंच ठेवलं.

२१ जुलै, रविवार

पदराची चवड सगळ्यात उंच आहे. तिच्यावरची नावंच वाचली तरी नवरीची पेटी उघडल्यासारखी वाटते. 'कुंकू', 'वहिनींच्या बांगड्या', 'हळदी कुंकू', 'थांब लक्ष्मी कुंकू लावते', 'माहेरची साडी'. बाई लग्नात जे घेऊन निघते, जे अंगावर मिरवते आणि जे शेवटी उतरवलं जातं, तेवढ्याच वस्तूंच्या नावावर इतके सिनेमे दुसऱ्या कुठल्या भाषेत असतील का?

पुण्याला सिनेमाचा अभ्यास करणाऱ्या पुतणीला फोन केला. ती म्हणाली, "काकू, जपानमध्ये याच्या अगदी शेजारचा प्रकार आहे. हाहा-मोनो म्हणतात. हाहा म्हणजे आई. आईनं लेकरासाठी सोसायचं, एवढ्याच विषयाचे सिनेमे. तिथं त्यावर पुस्तकं लिहिलीत." मेक्सिकोतही नाचणाऱ्या बायकांच्या सिनेमांचा एक आख्खा प्रकार आहे म्हणे, त्यालाही स्वतःचं नाव आहे. आपण मात्र पदराच्या सिनेमांना नुसतं 'रडके' म्हणून बाजूला सारलं. मला हे लागलं. रडणाऱ्या बायकांना विचारलं कुणी, कशासाठी रडता म्हणून?

'माहेरची साडी' १९९१चा. विजय कोंडके यांचा, अलका कुबल त्यात सून. मी तेव्हा सातवीत होते. टॉकीजसमोर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उभ्या होत्या, आणि त्या भरून बाया आल्या होत्या, लेकरं कडेवर, भाकरी फडक्यात. बापाच्या मायेला पारखी झालेली मुलगी, सासरचा छळ, आणि माहेरच्या एका साडीची आस. आई माझ्या शेजारी बसून हुंदके देत होती आणि मला तिची लाज वाटत होती. आज लाज वाटते ती त्या लाजेची. आपल्याकडे सवाष्ण गेली की तिच्या अंगावरचं शेवटचं लुगडं माहेरचं असतं. हे त्या टॉकीजमधल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. नाव वाचूनच त्या रडायला तयार होऊन आल्या होत्या. त्यांच्या दुःखाच्या मापाचं शिवलेलं काही त्यांना पहिल्यांदा मिळालं होतं.

ती गोष्ट मुळात मराठी नव्हती, हे मला पुतणीकडून कळलं. 'बाई चाली सासरिये' हा १९८८चा राजस्थानी सिनेमा, त्यावरून मराठी, आणि मग १९९४ला हिंदीत 'साजन का घर'. म्हणजे मारवाडातली पोर आणि मराठवाड्यातली पोर एकाच साडीसाठी झुरत होत्या.

या चवडीतला सगळ्यात जुना मात्र निराळा निघाला. 'कुंकू', १९३७, प्रभातचा, शांतारामबापूंचा. ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा. शांता आपटे त्यात नीरा आहे, म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली. ती सोसत नाही. त्याला नवरा मानायला सरळ नकार देते, घरात राहून झगडते. पदराच्या चवडीच्या तळाशी ही एवढी पेटलेली मुलगी आहे, आणि तिच्यावर चौपन्न वर्षांची सोशिक मुलींची रास. १९३७ला जी बोलत होती ती १९९१ला गप्प का झाली, हा प्रश्न मला आज झोपू देणार नाही.

आत्याबाईंचा आवडता 'वहिनींच्या बांगड्या', १९५३. य. गो. जोशींची कथा, शांताराम आठवल्यांचं दिग्दर्शन, सुलोचनाबाई वहिनी. तो त्यांनी औंढ्याच्या महाशिवरात्रीच्या जत्रेत तंबूत बघितला. मधे दोरी, एका अंगाला बाया, एका अंगाला बाप्ये. खाली वाळू. "रीळ बदलेपर्यंत अंधार व्हायचा. त्या अंधारात साऱ्या बाया एकदाच नाक शिंकरायच्या," त्या म्हणाल्या.

३१ जुलै, बुधवार

परतवारीची एकादशी. नर्सीला जाऊन आले. पंढरपूरला जाऊन आलेलं पुण्य नामदेवांच्या पायी ठेवल्याशिवाय आमच्याकडे वारी पुरी होत नाही. कयाधूच्या काठापर्यंत माणसं. रांगेत पंजाबातून आलेलं एक कुटुंब होतं. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत, त्यामुळे त्यांचं आणि आमचं तीर्थ एकच. त्यातल्या आजींनी माझ्या हातावर साखरफुटाणे ठेवले आणि मी त्यांच्या. बोलता दोघींनाही फारसं आलं नाही.

घरी येऊन चपलांची चवड काढली. संतपट हा प्रकार जगात इतर कुठं असेलही, पण एवढ्याशा मुलखातल्या एवढ्या संतांवर एवढे सिनेमे निघाले ते इथंच. 'संत तुकाराम' १९३६चा, दामले-फत्तेलालांचा. मुंबईत एका थिएटरात वर्षभराहून जास्त चालला आणि १९३७ला व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीस त्याआधी नाटकात बायकांच्या भूमिका करायचे. पुढे लोक त्यांनाच तुकाराम समजून पाया पडू लागले. १९४०ला 'संत ज्ञानेश्वर', १९४१ला 'संत सखू', १९४९ला 'संत जनाबाई'. जनाबाई गंगाखेडची, म्हणजे आमच्या शेजारची.

"चपला खरंच काढायचे का?" मी विचारलं.

"मग? पडद्यावर इठोबा यायचा की. त्याच्यासमोर पायतान घालून बसतील का कोणी?"

त्यांच्या गावात नारळ फोडून खेळ सुरू व्हायचा. सिनेमा संपला की पडद्याच्या पायाशी पैसे पडलेले असायचे. ते तंबूवाला उचलायचा नाही, देवळात द्यायचा.

९ ऑगस्ट, शुक्रवार

नागपंचमी. वारूळ आता जवळपास नाही, म्हणून पाटावर गंधाचा नाग काढून पूजा केली. चिरणं, तळणं आज बंद. पुरणाची दिंडं उकडली.

औंढा नागनाथ ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या माणसानं सापाच्या सिनेमांकडे पाठ फिरवून चालणार नाही. या प्रकाराचे नियम किती पक्के आहेत ते आज पुस्तकं शेजारी-शेजारी ठेवल्यावर दिसलं. नागीण बाई होऊ शकते. तिचा नाग मारला जातो. मेलेल्या नागाच्या डोळ्यात मारणाऱ्याची छबी उमटते. मग ती एकेकाला गाठते. १९७६चा 'नागिन' सगळा याच नियमांवर उभा आहे. १९८६च्या 'नगीना'त श्रीदेवीला जखडायला अमरीश पुरी पुंगी घेऊन येतो. याआधीचा, १९५४चा 'नागिन' तर लोकांनी पुंगीसाठीच बघितला. आणि ती पुंगी नव्हतीच. कल्याणजींनी क्लेव्हायोलिन नावाच्या परदेशी वाद्यावर तो आवाज काढला, जोडीला रवींची बाजाची पेटी. आत्याबाई सांगतात, तंबूत तो आवाज सुरू झाला की दोघी-तिघींच्या अंगात यायचं, आणि बाकीच्या त्यांना कुंकू लावायच्या.

मी या चवडीवर प्रेम करू शकते, पण तिचं सगळं माफ करू शकत नाही. सापाला बाहेरून कान नसतो. गारुड्याची पुंगी हलते म्हणून तो हलतो. दूध त्याचं अन्न नाही. डोळ्यात छबी राहत नाही. आणि जोडीदार सूड घ्यायला येतो या समजापायी आमच्या हळदीच्या रानात एक नाग निघाला की माणसं दुसराही शोधून मारतात. मागच्या वर्षी आमच्याच बांधावर हे झालं, मी पोहोचेपर्यंत उशीर झाला होता. नाग लांबलचक पडला होता, फणीवरचा दहाचा आकडा तसाच स्वच्छ. उंदीर खाऊन आमच्या घरची हळद राखणारा तो. या वर्षी लेकरांना हे सगळं 'नगीना'च्या पुस्तकावरचं चित्र दाखवून शिकवलं. नुसतं शास्त्र सांगितलं असतं तर ऐकलं नसतं. सिनेमातला साप आणि रानातला साप असे दोन स्तंभ फळ्यावर केले, ते त्यांनीच भरले.

१८ ऑगस्ट, रविवार

राखीला पुतणी आली आहे. आज आम्ही तिघी 'बाप्यांच्या' चवडीला बसलो. ही तमाशापटांची. आत्याबाईंनी यातला एकही बघितलेला नाही. त्यांच्या माहेरी बायकांनी तमाशाच्या सिनेमाला जायचं नाही अशी सक्त बंदी होती. भाऊ नांदेडला बघून यायचा आणि बहिणीसाठी पुस्तक आणायचा. साठ वर्षं त्यांनी ही गाणी वाचली आहेत, आपल्याच चालीवर.

मास्तरीण म्हणून मला 'पिंजरा' सोडवत नाही. १९७२चा. मूळ धागा १९३०च्या 'द ब्लू एंजल' या जर्मन सिनेमाचा, नाचणारीच्या नादानं धुळीला मिळणारा शिक्षक. पण आपल्याकडे आणताना त्याला एक पीळ दिला. मास्तर मेला असं गाव समजतं, त्याचा पुतळा होतो, आणि तोच मास्तर, आता ओळखू न येणारा, स्वतःच्याच खुनासाठी फासावर जातो. गावाची मास्तरवरची श्रद्धा मोडू नये म्हणून गप्प राहतो. डॉ. लागूंचा तो पहिला मराठी सिनेमा. मी तो जेव्हा जेव्हा बघते तेव्हा दुसऱ्या दिवशी वर्गात जाताना पाय जड होतात.

पुतणीनं दोन पुस्तकं उचलली आणि शेजारी ठेवली. एक चपलांच्या चवडीतलं, 'संत सखू'. एक या चवडीतलं, 'सांगत्ये ऐका'. दोन्हीवर एकच नाव, हंसा वाडकर. सखू तीच, जनाबाई तीच, १९४७च्या 'लोकशाहीर रामजोशी'तली तमासगीरही तीच. आत्याबाई म्हणाल्या, "ही ती? जिच्यापुढं आम्ही चपला काढल्या, ती?" बराच वेळ त्या दोन्ही चित्रांवरून बोट फिरवत बसल्या. हंसाबाईंनी आपल्या आत्मकथेला याच सिनेमाचं नाव दिलं. अरुण साधूंनी ती शब्दांत उतरवली, आणि श्याम बेनेगलांचा १९७७चा 'भूमिका' तिच्यावरून निघाला. सखूला, जनीला आणि फडावरच्या बाईला एकाच बाईनं अंगावर वागवलं, आणि घरी जे सोसलं ते निराळंच. आम्ही मात्र चपला एकीसमोर काढल्या, दुसरीच्या नावाला घरात बंदी.

'सांगत्ये ऐका' १९५९चा, अनंत माने यांचा. पुण्याच्या विजयानंदला अडीच वर्षं चालला. त्यातलं बुगडीचं गाणं कुणाला माहीत नाही! त्या गाण्याचं पान आत्याबाईंच्या पुस्तकात सुटं झालं आहे, इतकं हाताळलेलं. त्यांनी कानाची वरची पाळी दाखवली. छिद्र अजून आहे, बुजत आलेलं. बुगडी ७२च्या दुष्काळात मोडली. तिचे जे आले त्यात ज्वारी आणली. त्या वर्षी घरातल्या सगळ्या बायांनी खडी फोडली.

मी विचारलं, "आत्याबाई, याचा शेवट काय होतो माहीत आहे?"

"पुस्तकात कुठं हाय शेवट? पडद्यावर बघा म्हनलंय."

"मग भावानं सांगितला नाही?"

"त्यो म्हनला, बाईमाणसाला सांगण्यासारका नाही."

मग थांबून त्या म्हणाल्या, "मी आपला केला." फेब्रुवारी-मार्चात हळद काढली की रात्र-रात्र कढई चालायची. कढईत हळद, वर तिचाच पाला, खाली जाळ. रात्री झोप येऊ नये म्हणून बाया गोष्टी सांगायच्या, आणि आत्याबाईंच्या वाट्याला सिनेमे असायचे. पुस्तकात कथासार तुटेल तिथून पुढं त्या आपल्या मनानं जोडायच्या. बाप्यांच्या चवडीतल्या प्रत्येक सिनेमाचा आपला एक शेवट त्यांच्याजवळ आहे. मला या घरात येऊन बावीस वर्षं झाली आणि हे मला आज कळलं.

२५ ऑगस्ट, रविवार

पुस्तकं कुठं तरी नीट जतन व्हावीत म्हणून शहरातल्या एका ग्रंथालयात विचारलं होतं. गाण्याची पुस्तकं आम्ही ठेवत नाही, असं उत्तर आलं. मन खट्टू झालं. पुतणी म्हणाली, आधी प्रत्येक पानाचा फोटो काढू. गेले आठ दिवस तेच चालू आहे.

जाताना ती 'सांगत्ये ऐका' माझ्या मोबाइलमध्ये उतरवून गेली.

२ सप्टेंबर, सोमवार

पोळा, आणि असा पोळा कधी पाहिला नाही. परवापासून पाऊस थांबलेला नाही. कयाधू, आसना दोन्ही पात्राबाहेर. सोयाबीन पाण्यात उभं आहे, हळदीच्या सरीत गुडघाभर पाणी. ह्यांनी बैल गोठ्यातच धुतले, शिंगांना रंग लावला तो ओलाव्यानं ओघळला. तोरणाखालून न्यायचं राहूनच गेलं. पुरणपोळी गोठ्यात नेऊन भरवली. वीज काल रात्रीच गेली.

पुतणीचा फोन लागला तेव्हा बैलांवरून तिला मालेगाव आठवलं. तिथं नासिर शेख या व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या तरुणानं २०००च्या सुमाराला 'मालेगाव के शोले' काढला. कॅमेरा उंच न्यायला क्रेन नव्हती, तर बैलगाडी वापरली. पुढं-मागं न्यायला सायकल. पुढं यंत्रमागावर काम करणारा एक काटकुळा मुलगा त्यांचा सुपरमॅन झाला. त्यावरचा फैझा अहमद खान यांचा माहितीपट तिनं मला मागंच दाखवला होता. सगळ्या जगाला ठाऊक असलेला सिनेमा आपल्या गल्लीच्या बोलीत, आपल्या गल्लीच्या अडचणींसकट पुन्हा करायचा, हा प्रकार तिथल्या माणसांनी स्वतःसाठी घडवला. आत्याबाईंनी कढईच्या जाळाशी बसून केलं ते याहून वेगळं नव्हतं.

संध्याकाळी ओसरीत अंधार. मोबाइलमध्ये निम्मी बॅटरी होती. आत्याबाईंना पाटावर बसवलं, मोबाइल तांब्याला टेकवून ठेवला आणि सिनेमा लावला. पावसामुळे आवाज कानाशी घ्यावा लागत होता, तरी त्यांना अडचण नव्हती. गाणी सगळी पाठ. चाल मात्र निराळी निघाली. प्रत्येक गाण्याला त्या आधी दचकायच्या आणि मग मान डोलवायच्या. बुगडीच्या गाण्याला जयश्री गडकर आली तेव्हा हात आपोआप कानाच्या पाळीवर गेला आणि गाणं संपेपर्यंत तिथंच राहिला.

बैलांच्या शर्यतीवरून उठलेलं वैर, पाटलाचा जुलूम, आणि शेवटी भर फडात, सगळ्या गावासमोर, नाचणारी उभी राहते आणि दडवलेलं सगळं सांगते. नावाचा अर्थ तिथं उलगडतो. आत्याबाईंनी पदर डोळ्याला लावला नाही. सरळ बसल्या होत्या, माळकऱ्यासारख्या.

संपल्यावर म्हणाल्या, "बोलली. साऱ्यांम्होरं बोलली."

मी म्हटलं, "भावानं सांगितला नाही तो हा शेवट."

"हे लपवायसारकं काय होतं यात?" बराच वेळ नुसता पाऊस ऐकू येत होता. मग म्हणाल्या, "पण पुढं त्या पोरीनं खायचं काय? ते कुठं दावलं?"

"तुमच्या शेवटात काय आहे?"

"मह्या शेवटात ती बोलती, हिच्यासारकीच. मग वाड्यात जाती. जमीन आपल्या नावानं करून घेती. फडातल्या साऱ्या म्हाताऱ्या बाया तिथं आणून बसवती, ज्यांचे पाय नाचून गेले त्या. अन् त्या रानात हळद लावत्यात."

मोबाइलची बॅटरी संपत आली होती. मी कंदील लावला, त्यांचं पुस्तक उघडलं. कथासाराच्या खाली, पडद्यावर पहा असं छापलंय तिथून खाली चार बोटं जागा कोरी आहे. शिसपेन्सिल घेतली.

"लिहू का इथं?"

"लिही. पर आधी जमिनीचं लिही. बाकीचं मागून."